दुसरी सही

पुसेगाव, ता. सेनगाव
१२ ऑक्टोबर २०२५

चि. सृष्टीस,
व्यंकटमामाचे अनेक आशीर्वाद, रागासकट.

वि. वि. तुझ्या आईने फर्मान काढले आहे की मामा-भाचीने संपाच्या विषयावर फोनवर एक अक्षर बोलायचे नाही. गेल्या रविवारी तू मुंबईहून ओरडत होतीस, मी पुसेगावातून, आणि ती बिचारी नर्सीला आपल्या ओट्यावर फोन कानाला लावून दोघांच्या मधे. तिचे कान किटले म्हणते. ज्याला भांडायचे त्याने पत्रातून भांडावे, म्हणजे निदान शेजारपाजार ऐकणार नाही. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवले, त्यामुळे मला हे हत्यार चालवता येते. तुझे तू बघ.

आता मुद्दा. विमान दुरुस्त करणारी आपल्या भागातली मुलगी म्हणून शाळेच्या मैदानावर तुझा सत्कार केला, त्याला वर्षही झाले नसेल. हार मी आणला, भाषण मी केले. आता त्याच मैदानासमोरच्या हॉटेलात लोक मला विचारतात की गुरुजींची भाची म्हणे कामावर जाईना. काय सांगू त्यांना? नोमानला कंपनीने निलंबित केले म्हणून तुम्ही सगळ्यांनी पाने-पक्कड खाली ठेवली, हे सांगू? नोमान गुणी पोरगा आहे. त्याच्या वडिलांना, कळमनुरीच्या चाँद पाशांना, मी कितीतरी वर्षे ओळखतो. माझ्या गाडीचे सीट त्यांच्याशिवाय कुणी शिवलेले नाही. या कोर्सची माहिती तुला नोमाननेच दिली, हेही मी विसरलेलो नाही. पण साहेबाने सही कर म्हटल्यावर करून टाकावी आणि मग रीतसर तक्रार द्यावी, एवढी अक्कल त्याला नसावी? आणि तुला?

ते राहू दे. एक बातमी, आईला कळू द्यायची नाही. यंदा भाऊबीजेला तिला साडी घ्यायची नाही असे ठरवले आहे. नामदेव महाराज जिथे जन्मले तिथे ती नांदायला आली. जिथे त्यांनी शेवटची वर्षे काढली ते पंजाबातले घुमान एकदा पाहावे, हे ती तुझे वडील होते तेव्हापासून म्हणते आहे. म्हणून जयंतीला घुमान. नांदेडचा माझा मित्र धर्मसिंग तिथली राहायची सोय करतो आहे. तो मला वेड्यात काढतो, की नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस जात असताना विमान कशाला. पण मी हैदराबाद-अमृतसर विमानाचीच तिकिटे काढली, आणि तीही मुद्दाम तुझ्या कंपनीची. आपल्या पोरीच्या हाताखालून गेलेले विमान सोडून दुसऱ्याच्या विमानात मी का बसू?

तेवढ्यापुरती तरी कामावर जा. राग पत्रावर काढ, जेवणावर काढू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते रागाने आटत नाहीत.

तुझा
व्यंकटमामा

---

मरोळ, मुंबई
१७ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
सृष्टीचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा फाडावेसे वाटले, दुसऱ्यांदा तिकिटांचा मजकूर नीट वाचला आणि लिहायला बसले. मामा, तुम्ही त्या विमानात बसायचे नाही. आईला तर मुळीच बसवायचे नाही. आता का ते सांगते, आणि तुम्ही मधे न बोलता ऐकायचे. पत्राचा हा एक फायदा.

आमच्याकडे काही कामे अशी आहेत की ती एकाने केली तरी पूर्ण होत नाहीत. करणारा सही करतो. मग ज्याने त्या कामाला हात लावलेला नाही असा दुसरा माणूस तिथे जातो, डोळ्यांनी पाहतो, बोटांनी चाचपतो आणि मग दुसरी सही करतो. कारण करणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. तुम्हीच नाही का केंद्रपरीक्षेचे पेपर दुसऱ्या गावच्या मास्तरांकडे तपासायला द्यायचात? त्यातलेच हे. फरक एवढाच की इथे नापास झाले तर माणसे मरतात.

कंपनीने माणसे कमी केली. मग दुसरा माणूस मिळेना. मग वरच्या साहेबांनी युक्ती काढली की काम झाले की मोबाइलवर फोटो काढायचा आणि भलत्याच शहरात बसलेल्या माणसाने तो फोटो पाहून दुसरी सही ठोकायची. फोटोत नट घट्ट दिसतो, मामा. ढिला नटही घट्टच दिसतो. नोमानने सांगितले की जे मी पाहिले नाही त्यावर माझे नाव लागणार नाही. त्याने तक्रारही दिली होती, अगदी रीतसर, एकदा नव्हे. तुमच्या माहितीसाठी. त्याचे बक्षीस म्हणून निलंबन मिळाले. तेव्हा आम्ही काम थांबवले. आमच्या मागणीत पगाराचा शब्द नाही. दुसरा माणूस द्या आणि नोमानला परत घ्या, एवढेच आहे.

आता आमच्या जागी कंत्राटदाराची पोरे आणली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी हे विमान जवळून पाहिलेले नाही. आणि ज्यांच्या हातात कित्येक वर्षांत पाना आला नाही असे ऑफिसातले साहेब सह्या करत सुटले आहेत. आणि तुम्ही हॉटेलातल्या लोकांना काय सांगू म्हणून मला विचारता! सांगा की भाची खोटी सही करत नाही. त्यात लाजण्यासारखे काय आहे ते मला कळवा.

सचखंडने जा. आईला खिडकीजवळची जागा द्या, तिला ती आवडते. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू द्या. मी हात जोडते, आणि तुम्हाला माहीत आहे की मला हात जोडायची सवय नाही. मोठ्यांनी माया ठेवावी आणि या वेळी ऐकावेसुद्धा.

आपली
सृष्टी

---

पुसेगाव
२४ ऑक्टोबर २०२५

चि. सृष्टीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल भाऊबीज झाली. तुझ्या आईने नर्सीला बोलावून अनरशांचा डोंगर पुढे ठेवला. चकल्या तळून तळून तिला सर्दी झाली आहे, आवाज बसला आहे, पण ओवाळताना गाणे म्हणायचे सोडले नाही. मी ताटात पाकीट टाकले. तिने उघडून पाहिले, आत घुमान आहे हे तिला कळले. मग पदराने नाक पुसून म्हणाली की सर्दीने डोळ्यांना पाणी येते.

तुझे पत्र मी लपवले नाही. आज सकाळी तिला सगळे वाचून दाखवले, एक ओळही वगळली नाही. तिने ऐकून घेतले आणि सांगितले की ताटात पडलेली ओवाळणी बहीण परत देत नाही. ओवाळणी परत देणे म्हणजे भावाचे आयुष्य परत देणे, असे तिचे गणित आहे आणि ते माझ्या शाळेत शिकवत नव्हते. मी सचखंडचे नाव काढले तर माझ्यावरच उखडली.

खरे सांगू? मलाही तुझे म्हणणे जरा फुगवलेले वाटते. संपात माणूस दोन शब्द जास्त बोलतो. कंपनीचे निवेदन पेपरात आले आहे की सर्व उड्डाणे सुरक्षित, तपासणीत तडजोड नाही. एवढी मोठी कंपनी छापून खोटे बोलेल का? आणि सरकार काय झोपले आहे? तीस तारखेला निघतो. आल्यावर घुमानचा प्रसाद पाठवीन, तो खा आणि थंड हो. तुझ्या पत्रात ‘निलंबन’ बरोबर लिहिलेस, त्याबद्दल शाबासकी.

कळावे. जीव आहे म्हणूनच चिडतो, हे ध्यानात असावे.

व्यंकटमामा

---

पुसेगाव
३ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टीस,
आशीर्वाद.

आम्ही घुमानला पोचलो नाही. टीव्हीवर तू पाहिलेच असशील. फोनवर मी चार शब्दांत सुखरूप म्हणून सांगितले, बाकी आज लिहितो.

निघायच्या सकाळी तुझा फोन आला तो आईने बंदीची आठवण देऊन बंद केला, हे तुला माहीत आहेच. विमान वर चढत होते तोवर ती खिडकीला नाक लावून बसली होती. मग मागच्या बाजूने शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला. हवाईसुंदरी मागे गेली, धावत परत आली. आवाज वाढला, गार वारा सुटला, कानात कुणी सुया घालते आहे असे झाले आणि डोक्यावरून त्या प्राणवायूच्या पिवळ्या वाट्या खाली लोंबल्या. मग विमान खाली जायला लागले. उतरायला नव्हे, पडायला. कुणी देवाचे नाव घेत होते, कुणी आईचे. निघताना त्या मुलीने बजावले होते की आधी स्वतःला लावा, मग शेजाऱ्याला. तुझ्या आईने आधी माझ्या तोंडाला वाटी लावली. मग दोन्ही हातांनी कान दाबून धरले आणि वाकून बसली.

वैमानिक मात्र वाघ. त्याने नागपूरला सुखरूप उतरवले. खाली उतरतो न उतरतो तोच टाय लावलेला एक पोरगा फाइल घेऊन पुढे आला. किरकोळ तांत्रिक कारणाने विमान वळवले, आमची काही तक्रार नाही, असे छापलेले. खाली सही करा म्हणाला. सृष्टी, मी आयुष्यात विद्यार्थ्यावर हात उगारला नाही, पण त्याच्यावर उगारता उगारता राहिलो. शेजारी तुझी आई कान धरून खुर्चीत बसलेली, आणि हा म्हणतो किरकोळ! मी त्याला सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे सांगितले की किरकोळ हा शब्द आपल्या साहेबाला त्या विमानात बसवून मग लिहायला लाव. एकूण एक प्रवाशाने कागद परत केला.

तू लिहिले होतेस ते अक्षर न् अक्षर खरे होते. आणि मी पेपरातल्या निवेदनावर विश्वास ठेवला! छापून खोटे बोलतात, सृष्टी. धडधडीत बोलतात. तुमचा संप मोडू देऊ नकोस. हॉटेलात मी आता स्वतःहून सांगतो की माझी भाची संपावर आहे.

आईची काळजी करू नकोस. कानाला दडे बसले आहेत, थोडे दिवस राहतील. माझ्याकडेच आणले आहे. तिला झोप फार येते, तेव्हा फोन केलास तर माझ्याशीच बोल. येण्याची घाई करू नकोस.

आशीर्वाद, आणि या वेळी माझ्याकडून माफक नमस्कारही.

व्यंकटमामा

---

मरोळ, मुंबई
८ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

यायचे म्हटले तरी येता येत नाही. तुमचे विमान उतरले त्याच संध्याकाळी माझेही निलंबन आले आणि चौकशी संपेपर्यंत शहर सोडायचे नाही अशी ताकीद. फोन करावा तर आई कधी झोपलेली, कधी मळ्यात गेलेली. माझी आई दिवसा कधीपासून झोपायला लागली, मामा?

काय झाले होते ते इथल्या एका जुन्या माणसाने सांगितले. मागच्या दाराचे रबर नवे बसवले होते. एका जागी ते दुमडले गेले. दाराच्या कडेने एकदा बोट फिरवले असते तर कळले असते. दुसरी सही झाली होती, मामा. ती करणारा दुसऱ्या शहरात होता. फोटोवर केली.

आता ऐका पुढची कमाल. कंपनीने पेपरात दिले आहे की संपकऱ्यांनी जाण्याआधी त्या दारात काही केले का याचा तपास सुरू आहे. आणि नाव कुणाचे? नोमानचे. ज्याने डोळे झाकून सही करायला नकार दिला, तोच घातपाती. तो खोलीबाहेर पडत नाही. घरमालकाने जागा सोडायला सांगितले आहे. मला इतका संताप येतो की दात आवळून आवळून दुखतात.

काल मला ऑफिसात बोलावले. एक जबाब तयार आहे. पाळीची प्रमुख म्हणून मी नोमानला, निलंबनाआधीच्या त्याच्या शेवटच्या पाळीत, त्या दारापाशी पाहिले, असा. मी तेव्हा दुसऱ्याच विमानावर होते. मी काही पाहिलेले नाही. सही केली तर निलंबन रद्द, वरची जागा. नाही केली तर लायसन्सवर असे काहीतरी लिहितील की दुसरी कुठली कंपनी मला दारात उभी करणार नाही. सोमवारी, सतरा तारखेला उत्तर द्यायचे आहे. आमच्यातले अर्ध्याहून जास्त परत गेले. जे जातात ते खाली मान घालून माझ्यासमोरून जातात. मी कुणाला दोष देऊ?

तुम्ही म्हणता संप मोडू देऊ नकोस. तिथून म्हणणे सोपे आहे. मामा, मी थकले. देवाच्या दयेने कुणालाच काही झाले नाही. कंपनी तेच म्हणते, आणि आईचे नुसते दडे बसले असे तुम्हीही लिहिता. मग मी कुणासाठी एवढी जळते आहे? नोमानला ते तसेही सोडणार नाहीत, माझ्या सहीने फार काय फरक पडणार, असे मनात येते. सही करीन बहुतेक. हे आईला वाचून दाखवू नका.

तुम्ही रागावाल, पण माया तोडू नका.

सृष्टी

---

पुसेगाव
१२ नोव्हेंबर २०२५

माज्या सृष्टीस आईचा आशीर्वाद.

बाई, हे पत्र मीच लिहून राहिले. सातवी झाल्यापासून एवढं लांब काई लिहिलं न्हाई. मामा म्हणला चुका काढून देतो, मी कागद त्याच्या हातातून हिसकला. हे पत्र मामा आजच हिंगोलीला जाऊन कुरियरनं टाकणार हाय.

तुजं पत्र आलं तवा मामा ते हातात धरून नुसता बसून राह्यला. काहून बसला म्हणून इचारलं तर पाटी उचलीना. पाटी म्हणजे शाळेतलीच, दगडी. आता घरात मला जे सांगायचं ते तो पाटीवर लिहितो. मग मीच पत्र वढून वाचलं.

डावा कान गेला, सृष्टी. नागपूरच्या डाक्टरनं तवाच सांगितलं. सर्दी व्हती, हवा एकदम सुटली, आतून फाटलं, आता हा कान परत येणार न्हाई. उजव्यात येतं, पण घागरीत तोंड घालून कुनी बोलल्यावानी. मामानं तुला दडे लिहिले. त्याला वाटलं तू सगळं टाकून धावत येशील अन् कंपनीला तेच पायजे असंल. मी झोपत नव्हते, बाई. तुजा फोन समोरच्या फळीवर वाजायचा तो मला उजेडानं दिसायचा.

तू लिहितीस कुनालाच काई झालं न्हाई. झालं. मला झालं. कुकर शिट्ट्या मारून मारून भात करपतो अन् मी त्याच्यासमोर बसलेली असते. तवा कुणासाठी जळतीस हे आता तुला कळलं असंल.

काल कळमनुरीहून चाँद पाशा आले व्हते. पेपरात पोराचं नाव आल्यापासून दुकान उघडलं न्हाई म्हणे. दारातच हात जोडून उभे राह्यले. काय बोलले ते ऐकू आलं न्हाई, जोडलेले हात दिसले. मामानं पाटीवर लिहून दावलं की माफी मागून राहिलेत. मला असा राग आला, सृष्टी, असा राग उभ्या जन्मात आला न्हाई. त्यांनी काहून माफी मागावी? ज्याच्या पोरानं न पाहता सही करायला न्हाई म्हणलं त्या बापानं? अन् ज्यानं लांब बसून फोटूवर सही केली त्याचं कोण आलं माज्या दारात? मी त्यांचे हात सोडवले, बसवलं, चहा पाजला. मामानं गाडीवर घालून त्यांना कळमनुरीला नेलं अन् दुकान उघडूनच परत आला.

आता तुजं. तुला त्या दिवशी नोमान त्या दारापाशी दिसला का? न्हाई दिसला, तूच लिहितीस. अन् तरी कागदाखाली नाव लावणार. बाई, न पाहता केलेल्या सहीनंच माजा कान नेला. सोमवारी तू तेच केलंस तर तो माणूस अन् तू, दोघांत मला फरक करता येणार न्हाई. अन् मला तो करायचा हाय. थकलीस तर नोकरी सोड. नर्सीला ये, घर हाय, मी हाय, भाकर मला करता येती. लायसन्स घालवतील तर घालवू दे. पण ती सही करू नको.

मामावर रागावू नको. ओवाळणी मी तवा बी परत दिली न्हाई, आता बी देणार न्हाई. राह्यलेलं घुमान सचखंडनं करू, तू, मी अन् मामा. नोमानला बी घेऊ.

अन् एक ऱ्हायलं. तुमच्या दोघांवरची फोनवर भांडायची बंदी मी आजपासून उठवली. पायजे तेवढं वरडा, माजे कान आता किटत न्हाईत. सोमवारी हापिसातून भाईर आलीस की मामाला फोन लाव, अन् त्याला म्हणावं आईच्या उजव्या कानाला धर. सही केली न्हाई, एवढंच सांग.

मोठ्यानं सांग, मला ऐकायचं हाय.

तुजी आई
निर्मला